पुरावा कोणी बघितला होता?

"ताई, नमस्कार. मी कराडचा. दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालो. मुलाने वाकडला फ्लॅट घेतलाय, दिवाळीआधी ताबा मिळतोय. वास्तुशांतीसाठी गुरुजींकडे तारीख काढायला गेलो, तर मुलगा फोनवर म्हणाला, 'माझ्या घरात होमबीम काही नको. देव आहे याचा एक पुरावा दाखवा, मी सोवळं नेसून बसतो.' मी म्हटलं, अरे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तर म्हणे, 'तेच तर. तुम्ही कधी तपासलंच नाही. आजी मानायची म्हणून तुम्ही मानता. मी तपासून ठरवलंय.' राग आला, पण रात्रभर झोप लागली नाही, कारण पोरगं खोटं बोललं नव्हतं. मी खरंच कधी तपासलं नाही. १९९८ मध्ये माझा धाकटा भाऊ अपघातात गेला, तेव्हा तीन वर्षं मी देवासमोर हात जोडले नव्हते. पुढे कधीतरी पुन्हा जोडायला लागलो. दोन्ही वेळा पुरावाबिरावा काही नव्हता. मुलगा २०१३ साली पुण्यात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. दाभोलकरांचा खून झाला, हा निषेध मोर्चाला गेला, आणि त्या गणपतीत घरी आला तो आरतीला उभाच राहिला नाही. तेव्हापासून हे असं. सौ. सारखी डोळ्याला पदर लावते. मी काय करू? आणि खरं सांगा, लोक पुरावे बघून देव मानायचा की नाही ते ठरवतात का? की मीच एकटा अडाणी?"

दादा, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही ठरवत. मानणारे नाही आणि न मानणारेही फारसे नाहीत. तेव्हा तुम्ही अडाणी असाल तर आपण पुष्कळजण आहोत, आणि त्यात मी पुढच्या रांगेत आहे. कशी, ते सांगते.

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. तुम्हालाही आठवत असेल. गणपती दूध प्यायला तो दिवस. मी तेव्हा डोंबिवलीत राहत होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शेजारच्या वहिनी धापा टाकत आल्या आणि आम्ही स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन निघालो. देवळापासून रांग पार रिक्षा स्टँडपर्यंत. दीड तासाने नंबर लागला. मी चमचा सोंडेला टेकवला, किंचित कलला, आणि दूध कमी होत होत संपलं. अंगावर काटा आला. पण दादा, मी आणखीही एक गोष्ट बघितली होती, आणि ती या दोन डोळ्यांनी. सोंडेवरून पोटावर उतरलेली एक ओली, चकचकीत रेघ. पायाशी साचलेलं पांढरं थारोळं. तिथून मोरीकडे गेलेला ओघळ, ज्याच्यावर पाय पडून माझी चप्पल चिकट झाली होती. घरी आल्यावर मी पहिली चप्पल धुतली. आणि मग आत जाऊन सासूबाईंना सांगितलं, "प्यायला हो, खरंच प्यायला."

पुरावा चपलेला लागून घरापर्यंत आला होता, तरी मला तो दिसला नाही.

आता माझ्या सासऱ्यांचं ऐका. ते कट्टर. देऊळ दोन मिनिटांवर असून जागचे हलले नाहीत. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "थोतांड आहे." त्यांचं बरोबर निघालं. दिल्लीत सरकारी वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून मूर्तीवर ओढलं जातं आणि पातळ थराने खाली वाहून जातं. पण सासऱ्यांना हे दुपारी कुठे माहीत होतं? त्यांनी मूर्ती बघितली नव्हती, चमचा धरला नव्हता. उत्तर बरोबर आलं, पण गणित त्यांनी सोडवलंच नव्हतं. तुमच्या चिरंजीवांना हा प्रसंग जरूर सांगा. माझा भाग सांगितलात की ते हसतील. सासऱ्यांचा भागही सांगा, आणि तेव्हा हसतात का बघा.

मग आपण ठरवतो कशावरून? आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, याचा पार कीस काढून ठेवलाय. ज्ञान खरं मानायला त्यांनी चार प्रमाणं सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातलं शब्दप्रमाण म्हणजे कुणीही काहीही बोलावं असं नव्हे, ज्याच्यावर भरवसा ठेवावा अशा आप्ताचं वचन. आणि मराठीत गंमत बघा, आप्त म्हणजे नातेवाईक! आप्तेष्टांसह अगत्य येण्याचे करावे, असं आपण पत्रिकेत छापतो. संस्कृतात जो विश्वासाचा माणूस होता तो मराठीत येईतो घरचाच झाला. मला वाटतं, भाषेने इथे मनातलं बरोबर पकडलंय. आपण जे मानतो त्यातलं रुपयातले पंधरा आणे आप्तांच्या शब्दावर मानतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मी स्वतः तपासलेलं नाही. जोशी बाईंनी चौथीत सांगितलं, एवढाच माझा आधार.

तेव्हा "आजी मानायची म्हणून तुम्ही मानता" हा आरोप खरा असला तरी तो तुमच्या एकट्यावरचा नाही. मुलाने आप्त बदलले, इतकंच. आजीच्या जागी हॉस्टेलचे मित्र आले, पुस्तकं आली, व्हिडिओ आले. नवे आप्त जुन्यांपेक्षा जास्त भरवशाचे असूही शकतील. साप चावला तर आजीचं ऐकायचं की डॉक्टरचं, यावर माझ्या मनात काडीचीही शंका नाही. पण आप्त बदलणं वेगळं आणि स्वतः तपासणं वेगळं.

तुम्ही म्हणाल, ताई, कुणीतरी तर तपासलं असेल. तपासलं ना. आणि जे मन लावून तपासायला बसले त्यांच्या कथा तर जास्तच चमत्कारिक आहेत. १८३९ मध्ये जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने चक्क संस्कृत श्लोकांत एक ग्रंथ लिहिला, नाव 'मतपरीक्षा'. धर्म खरा कुठला ते कसोट्या लावून तपासू या, असा त्याचा थाट. निकाल अर्थात ख्रिस्ती धर्माच्या बाजूने. त्याला तिघा पंडितांनी उत्तरं लिहिली: मराठी ज्योतिषी सुबाजी बापू, बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन, आणि काशीचे विशीतले नीळकंठशास्त्री गोरे. तिघेही विद्वान, समोर ग्रंथ एकच. सुबाजी बापू आणि तर्कपंचानन होते तिथेच राहिले. आणि ज्या गोऱ्यांनी मिशनऱ्यांना निरुत्तर करायला कंबर कसली होती, खंडनाचा ग्रंथ लिहून हातावेगळा केला होता, त्यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे ते फादर नेहेम्या गोरे झाले. नुसत्या पुराव्यानेच निकाल लागत असता तर तिघांचा एकच लागायला हवा होता, नाही का?

पण तुमचं पत्र वाचताना मला सारखी आठवण आली ती पंडिता रमाबाईंची. त्यांच्यावर जरा थांबते, कारण तुमचा आणि तुमच्या मुलाचा, दोघांचाही प्रश्न त्या एकाच आयुष्यात जगल्या.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवणारा माणूस, पण देवधर्मात तसूभर कमी नाही. सगळं कुटुंब तीर्थोतीर्थी फिरायचं, देवळांत पुराणं वाचायचं, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात होतं ते संपलं. त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं? शास्त्रात सांगितलेली व्रतं केली, उपास केले, तीर्थस्नानं केली, हातचे पैसे दानधर्मात घातले. देव प्रसन्न होईल आणि देईल, ही खात्री होती. रानातला पाला खायची वेळ आली. वडील गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. राहिले त्या आणि भाऊ श्रीनिवास, आणि दोघं हजारो मैल पायी हिंडली.

पुढे त्यांनी लिहून ठेवलंय त्याचा मथितार्थ असा: ग्रंथांत घातलेल्या अटी आम्ही पाळल्या, सांगितलेलं फळ मिळालं नाही, आणि तिथे आमची श्रद्धा ढळली. तुमच्या मुलाला आवडेल असं हे उदाहरण आहे, कारण ही जवळजवळ प्रयोगशाळेतली तपासणी झाली. अट पूर्ण, फळ शून्य. पण त्याला हेही सांगा की हा प्रयोग कुणी मुद्दाम मांडलेला नव्हता. आईबाप गेले म्हणून तो झाला. तोच दुष्काळ पाहिलेल्या किती तरी लोकांनी नंतर पहिला पाऊस पडल्यावर देवाला नारळ फोडला असेल.

१८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हातात ठेवली, बायकांनी वाचू नये असं ठरलेला वेद. बायकांपुढे भाषण करायचं म्हणून त्यांनी धर्मशास्त्रंही बसून वाचली. तेव्हा लक्षात आलं की इतर गोष्टींत एकमेकांशी भांडणारे ग्रंथ बायकांच्या बाबतीत मात्र एकमुखाने बोलतात: बाई वाईट, आणि तिला बाई म्हणून मोक्ष नाही. हे खरं तपासणं. कागद समोर ठेवून, ओळीन्‌ओळ.

आणि मग पुढची उडी? १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा धर्म बदलायचा नाही असं म्हणत होत्या. वाँटेजच्या ज्या ख्रिस्ती भगिनींकडे (नन्सकडे) राहायला होत्या, त्यांचं लंडनमध्ये फुलहॅमला एक सेवागृह होतं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे माणुसकीने वागवलं जाताना त्यांनी बघितलं. आपल्याकडे अशा बाईला दारात उभं करत नाहीत, हे त्यांना चांगलं माहीत होतं. नेहेम्या गोऱ्यांच्या लेखनाचाही आधार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी छोट्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काय झालं असेल? त्यांनी वाद घालायला सुरुवात केली. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे कुठे लिहिलंय दाखवा, येशूच्या जन्माचा चमत्कार मी का मानू, बायबलात आधार असेल तरच ऐकेन. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन पत्रं लिहून लिहून थकल्या. म्हणजे बाप्तिस्मा आधी आणि उलटतपासणी मागाहून. मनाचं पूर्ण समाधान झालं असं त्या सांगतात ते आणखी काही वर्षांनी, भारतात परतल्यावर.

मला रमाबाईंचं कौतुक याच क्रमाचं वाटतं. एका जागेवरून उठताना आणि दुसऱ्या जागी बसताना, दोन्ही वेळा मनाला काहीतरी लागलं म्हणून त्या हलल्या. पण बसल्यावर डोळे मिटून घेतले नाहीत. ज्यांच्या घरचं अन्न खात होत्या त्यांनाही सोडलं नाही.

आधी तपास आणि मग निर्णय, असं ज्याच्याबद्दल छातीठोकपणे म्हणता येईल असा माणूस शोधायला गेलं तर आपल्याकडे बाबासाहेबच आठवतात. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षं. शीख धर्माचा विचार केला, इतर धर्म अभ्यासले, प्रत्येकाला प्रश्न विचारले. पण तिथेही, १९०७ साली मॅट्रिक झाल्याबद्दल केळुसकर गुरुजींनी त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र ठेवलं होतं. प्रेमाने दिलेलं पुस्तक आधी, अभ्यास मागाहून. आणि हिंदू धर्म सोडायचं कारण तर अभ्यासाच्याही आधीचं: शाळेत वरून ओतलेलं पाणी, महाडचं तळं, काळारामाचं बंद दार. याला पुरावा म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? फक्त तो देवाच्या अस्तित्वाचा पुरावा नव्हता. देवाच्या नावाने माणसं माणसांशी कशी वागतात, त्याचा होता.

इथे मला तुमच्या मुलाची बाजू घ्यायची आहे.

दाभोलकरांचा खून हा देव नसल्याचा पुरावा होत नाही. खुद्द डॉक्टर आयुष्यभर सांगत राहिले की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा देवाधर्माला विरोध नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झटले, तो २० ऑगस्ट २०१३ ला त्यांना मारल्यानंतर झाला, आणि त्यातही देव आहे की नाही याबद्दल चकार शब्द नाही. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसू नका, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करू नका, असल्या गोष्टी आहेत. तेव्हा तर्काच्या हिशेबाने, मोर्चाहून आलेल्या मुलाने आरतीला उभं न राहण्याचं कारण नाही. पण अठरा वर्षांचा पोरगा, घरापासून पहिल्यांदाच लांब, आणि त्याच गावात सकाळी फिरायला निघालेल्या वयस्क माणसाला पुलावर गोळ्या घातल्या जातात. त्याचं आतून काहीतरी तुटलं. १९९८ मध्ये तुमचं तुटलं होतं तसंच.

हे तुम्ही त्याला कधी सांगितलंत का? पत्रात तरी दिसत नाही. मला वाटतं, त्याच्या डोक्यात बाबा म्हणजे जन्मापासून न हललेला माणूस आहे. काका गेल्यावर तीन वर्षं बाबांनी हात जोडले नव्हते, हे त्याला माहीतच नसणार. तो तेव्हा तीन-चार वर्षांचा असेल. पुरावा मागितलाय ना त्याने? मग हा द्या. देवाचा नाही, तुमचा. वाद घालू नका, ईश्वर सिद्ध करणारा उदयनाचार्यांचा तर्क नको आणि अमुक शास्त्रज्ञही देव मानतो असलं व्हॉट्सॲपवरचं तर अजिबात नको. नुसतं सांगा की मी सोडला होता, का सोडला ते सांगता येतं, परत का धरला ते नीट सांगता येत नाही. आणि मग विचारा, तुझं त्या ऑगस्टात काय झालं? बारा वर्षांत हा प्रश्न घरात कुणी विचारलेला दिसत नाही. सगळे "आरतीला का नाही उभा राहिलास" एवढंच विचारत आले.

"मी तपासून ठरवलंय" असं तो पुन्हा म्हणाला, तर शांतपणे एकच विचारा: उद्या उलटा काही पुरावा आला तर तू बदलशील असं काय असेल? त्याला हवं तर उत्तर देऊ दे, नको तर नको. फक्त हाच प्रश्न त्याने तुम्हाला विचारला तर पळ काढायचा नाही.

आता वास्तुशांत. इथे मी तुमच्या विरुद्ध आहे, रागावू नका. घर त्याचं, हप्ते त्याचे. यजमान म्हणून त्याला आणि सुनेलाच पाटावर बसावं लागणार, आणि मनात नसताना पळीने पाणी सोडत बसणं हे तुमच्या श्रद्धेलाही शोभत नाही. (तसे आपले मीमांसक वेद मानायचे, यज्ञ रीतसर करायचे आणि जगाचा कर्ता ईश्वर मात्र मानायचे नाहीत. तेव्हा देव न मानता होमाला बसायची सोय परंपरेत आहे. मुलाला वादाची हौस असेल तर सांगून बघा, नाहीतर राहू द्या.) आग्नेय कोपऱ्यातली नवीकोरी टाइल उचकटून वास्तुप्रतिमा पुरायची, तीही मालकाची इच्छा नसताना, हे काही बरं नाही. तुम्हाला देवाला सांगायचं असेल तर कराडच्या घरी सत्यनारायण घाला आणि सांगा की पोराने घर घेतलं. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर जाऊन सांगा. त्याला वाकडचा पत्ता कळणार नाही असं तर तुम्हाला वाटत नाही ना?

आणि एक राहिलं. तुमच्या एवढ्या पत्रात वहिनींना एकच वाक्य आलंय, डोळ्याला पदर लावणारं. त्यांना नेमकं काय हवंय, ते कुणी विचारलंय का? होम हवाय, की नव्या घरात स्वतःच्या हाताने दूध उतू घालायचंय, पहिला स्वयंपाक करायचाय, माहेरच्या चार माणसांना बोलावून खोल्या दाखवायच्यात? यातल्या निम्म्या गोष्टींना गुरुजी लागत नाहीत आणि मुलाची हरकतही असणार नाही. आज संध्याकाळी चहाच्या वेळी विचारा. तारखेचा फोन गुरुजींना त्यानंतर करा.